शिंदखेड्याच्या दगडाचे बेटावरचे भाऊबंद

शिंदखेड्याहून सुरतेची गाडी पकडली की समुद्र फार लांब नाही. पण निळेशार पाणी, पांढरी वाळू आणि तुरळक माणसे हवी असतील, तर लक्षद्वीप गाठावे. तिथले बंगाराम बेट पायी फिरून होते. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम एक-दोन मीटर. नदी नाही, डोंगर नाही, काळा दगडही नाही. खानदेशी माणसाला हे सारे परकेच वाटणार. पण नाते आहे, आणि तेही जवळचे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. धुळे-नंदुरबार पट्ट्यात शिवारांमधून पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंती म्हणजे भेगांमध्ये थिजलेला त्या काळचा शिलारस. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. प्रचलित मतानुसार हा रस पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या एका तप्त झोताने पुरवला. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, झोत जवळपास जागच्या जागी राहिला आणि समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटली: लक्षद्वीप, मालदीव, पुढे मॉरिशस. आज तोच झोत रियुनियन बेटावर धगधगतो. गंमत म्हणजे रियुनियन विषुववृत्ताच्या दक्षिणेला २१ अंशांवर, तर शिंदखेडा उत्तरेला २१ अंशांवर! (काही भूशास्त्रज्ञांना ही झोताची कथा मुळीच मान्य नाही, वाद अजून मिटलेला नाही.)

मग बेटे पांढरी कशी? विझलेला ज्वालामुखी हळूहळू खचतो. प्रवाळाला मात्र ऊन हवे, म्हणून तो कडेकडेने वर चढत राहतो. अखेर डोंगर बुडतो. उरते प्रवाळाचे कडे आणि मधले उथळ पाणी. डार्विनने हे १८४२ साली मांडले. १९५२ साली पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावर छिद्र पाडले, तेव्हा सव्वा किलोमीटरहून खोलवर खरोखरच बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, लागला. आणि ज्या मऊ वाळूवर आपण लोळतो, तिचा बराचसा भाग पोपटमाशांनी प्रवाळ कुरतडून केलेली विष्ठा असते!

प्रवाळ वाढतो तोवरच बेट टिकते. समुद्र तापल्याने १९९८, २०१० आणि २०१६ साली इथला प्रवाळ पांढरा पडला. बंगारामलगतचे परळी-१ हे निर्जन बेट झिजून नाहीसे झाल्याचे २०१७ साली उघड झाले.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. गेलात, तर प्रवाळावर पाय देऊ नका आणि त्याचा तुकडा पिशवीत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.