विमान उतरतांना

आकाशांत विमान दिसलें कीं वैमानिकाच्या धैर्याचें आपणांस कौतुक वाटतें. परंतु त्याच्या विद्येची खरी परीक्षा उंच आकाशांत नसून भूमीजवळ असते. नवशिक्यांचे पुष्कळसे अपघात विमान उतरवितांनाच घडतात. ते कसे घडतात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

सेस्ना १७२ हें लहान विमान १९५५ सालीं प्रथम उडालें, व पुढें जगभर शिक्षणासाठीं वापरण्यांत आलें. त्यास तीन चाकें असतात. मागील दोन बळकट असून नाकाखालचें त्या मानानें नाजूक असतें. म्हणून उतरतांना नाक किंचित् वर धरून मागील चाकें आधीं टेकवावयाचीं असतात.

समजा, एक विद्यार्थी एकटाच उतरत आहे. धावपट्टीकडे ताशीं सुमारें १२० किलोमीटर वेगानें यावयाचें, तो त्याहून अधिक वेगानें आला. अशा वेळीं पंखांची उचलण्याची शक्ति शिल्लक असते, आणि चाकें टेकतांच विमान चेंडूप्रमाणें उसळतें. एवढ्यानें बहुधा कांहीं बिघडत नाहीं. परंतु विद्यार्थी घाबरून नाक खालीं दाबतो. मग पुढचें चाक आधीं आदळतें, नाक वर फेंकलें जातें, व दुसरी उसळी पहिलीहून मोठी होते. तो पुन्हां दाबतो. त्याचा हात विमानाच्या हालचालीहून क्षणभर मागें असतो. त्यामुळें त्याचा प्रत्येक उपाय अवेळीं पडून अपायच करितो. अखेर पुढचें चाक मोडतें व प्रोपेलर जमिनीस लागून वांकतो. उलट, नाक फार वर ओढलें तर वेग सरतो, पंखांची शक्ति नाहींशी होते आणि विमान धोंड्यासारखें खालीं आदळतें.

यावर उपाय साधा आहे. उसळी लहान असेल तर नाक स्थिर धरून विमानास हळूच बसूं द्यावें. मोठी असेल तर इंजिनास पूर्ण शक्ति देऊन पुन्हां वर जावें, व एक फेरा घालून नव्यानें उतरावें. हें प्रत्येकास शिकविलेलें असतें. तरीहि ऐन वेळीं तें सुचत नाहीं. कारण खालीं गुरु व सोबती पाहत असतात, आणि परत वर जाणें म्हणजे हार, असें मनास वाटतें. वस्तुतः तेंच शहाणपण होय. चुकलेलें गणित खोडून पहिल्या ओळीपासून मांडण्यास आम्हांसहि लाज वाटते. पण उत्तर मिळतें तें तसें केल्यावरच.