हँडब्रेक धरत नाही तेव्हा

नागपूरच्या कळमना बाजारात माल घेऊन येणाऱ्या एखाद्या जुन्या पिकअपच्या चाकाखाली दगड दिसला, की बहुधा तिचा हँडब्रेक गेलेला असतो. दोष शोधणे मात्र अवघड नाही. अशा बहुतेक गाड्यांत लिव्हर ओढला की केबल मागच्या ड्रममधले ब्रेक शू फाकवते आणि ते ड्रमला दाबतात.

सपाट जागी पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवा, गिअर न्यूट्रल करा. लिव्हर एकेक दात ओढत चाके हाताने फिरवून पाहा. लिव्हर फार वर येऊनही दोन्ही चाके फिरतात? मग शूवरचे लायनर झिजलेत किंवा केबल ताणून सैल झाली आहे. इथे बरेच जण थेट केबलचा नट आवळतात. ते चूक आहे. आधी लायनर तपासा, शू आणि ड्रममधले अंतर जुळवा, केबल सर्वांत शेवटी. नाहीतर शू सतत घासून ड्रम तापतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना तर फारच.

एकच चाक अडले, तर दुसरीकडची केबल अडकली असेल किंवा लायनरवर तेल आले असेल. व्हील सिलिंडर किंवा ॲक्सलचे सील गळत असावे. गळती थांबवून लायनर बदला, पुसून परत बसवू नका. लिव्हर सोडूनही चाक जड फिरत असेल, तर केबल आतून गंजली असण्याची शक्यता मोठी. ती नवीच घाला.

ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. आणि दुरुस्ती होईपर्यंत भरलेली गाडी उतारावर उभी करू नका.