वीस फुटांची पेटी

वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. रिकामी असताना वजन साधारण सव्वादोन टन. पन्हाळी पत्र्याच्या भिंती, खाली जाड प्लायवूडची जमीन, एका टोकाला दोन दारं आणि दारावर एक नंबर. इंजिन नाही, चाक नाही, वायर नाही. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या पाठीवरून जाणारी ही पेटी पाहून तिला कुणी यंत्र म्हणणार नाही. पण गेल्या सत्तर वर्षांत कारखान्यातली कामं एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेण्यात कंटेनरइतका वाटा दुसऱ्या कुठल्या यंत्राचा असेल, असं मला वाटत नाही.

कारखाने परदेशात का जातात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: तिकडे मजुरी स्वस्त. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. 1950 मध्येही जपान, हाँगकाँग आणि मुंबईत मजुरी अमेरिकेच्या मानाने कितीतरी कमी होती. तरी अमेरिकेतल्या घरातला टॉवेल अमेरिकेत विणलेला असे आणि रेडिओही तिथेच जोडलेला असे. मजुरीतली तफावत जुनीच होती. ती असूनही कारखाना जागचा हलत नव्हता, कारण माल समुद्रापलीकडून आणण्यात मजुरीतली सगळी बचत वाहून जात होती.

ही बचत नेमकी कुठे जात होती, हे अमेरिकेत एका अभ्यासात बारकाईने मोजलं गेलं. 1954 मध्ये ‘वॉरियर’ नावाचं मालवाहू जहाज ब्रुकलिनहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला गेलं. त्यावर पाच हजार टन माल होता आणि त्या मालाचे सुटे नग होते 1,94,582. खोकी, पोती, पिंपं, गासड्या, पेट्या, टायर, मोटारी. 151 शहरांमधून 1,156 वेगवेगळ्या खेपांनी तो बंदरात आला होता. गोदी कामगारांनी तो हातांनी उचलला, फळ्यांवर रचला आणि विंचने जहाजाच्या पोटात उतरवून पुन्हा एकेक नग लावला. भरायला सहा दिवस, उतरवायला चार. अटलांटिक ओलांडायला लागले साडेदहा. एकूण खर्च 2,37,577 डॉलर आला आणि त्यात प्रत्यक्ष समुद्रप्रवासाचा वाटा फक्त 11.5 टक्के निघाला. चढवण्या-उतरवण्याचा वाटा होता 36.8 टक्के. म्हणजे महाग होता तो समुद्र नव्हे, समुद्राचे दोन काठ महाग होते.

मुंबईच्या प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा गोद्यांमध्ये याहून वेगळं चित्र नव्हतं. टोळ्या, हूक, पाठीवरची पोती, फुटलेली खोकी आणि अर्ध्या वाटेत गायब होणारा माल. किती दिवस लागतील, किती माल शाबूत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून व्यापारी जास्त साठा ठेवत आणि विम्याला जास्त पैसे मोजत. याच अनिश्चिततेमुळे कारखाने गिऱ्हाइकाच्या जवळ राहत.

हे बदललं माल्कम मॅकलीन या माणसाने. जन्म 1913 चा, गाव नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं मॅक्स्टन. 1930 च्या दशकात त्याने एका ट्रकवर वाहतुकीचा धंदा सुरू केला आणि वीस वर्षांत अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक कंपन्यांपैकी एक उभी केली. जहाजांशी त्याचा संबंध नव्हता, आणि मला वाटतं तेच त्याच्या उपयोगी पडलं. जहाजवाले जहाजाचा विचार करत होते. हा मालाचा विचार करत होता. ट्रकमधला माल उतरवून जहाजात भरायचा आणि पलीकडे पुन्हा ट्रकमध्ये, यापेक्षा ट्रकची पेटीच उचलून जहाजावर का ठेवू नये? त्याने ट्रक कंपनी सोडली, एक जहाज कंपनी विकत घेतली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या एका तेलवाहू जहाजाच्या डेकवर पेट्या ठेवण्याची सोय करून घेतली. 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ 58 पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. हिशेब मांडला तेव्हा सुटा माल भरायला टनामागे 5 डॉलर 83 सेंट लागत असल्याचं दिसलं. या पेट्यांना 16 सेंटसुद्धा लागले नव्हते.

पेटीत माल भरून नेण्याच्या खटपटी आधीही झाल्या होत्या. मॅकलीनचं वेगळेपण असं की त्याने ट्रक, क्रेन, जहाज आणि बंदर या सगळ्यांना त्या पेटीच्या मापाने बदलायला लावलं. त्याचा अभियंता कीथ टँटलिंगर याने पेटीच्या आठही कोपऱ्यांना भोकं असलेले ओतीव पोलादाचे ठोकळे बसवले आणि त्यात घालून फिरवला की घट्ट बसणारा खटका बनवला. क्रेन पेटीला धरते ती या भोकांत, ट्रेलरवर पेटी बसते ती यांच्यावर, आणि जहाजात पेटीवर पेटी चढते तेव्हा वजन पेलतात ते हे कोपरे आणि त्यांच्यामधले उभे खांब. भिंतीच्या पत्र्यावर वरच्या पेट्यांचा भार जवळजवळ येतच नाही, म्हणून तो दोनेक मिलिमीटरचा असला तरी चालतो. कोपऱ्याच्या या रचनेचं पेटंट 1963 मध्ये कंपनीने सगळ्यांना खुलं केलं. पुढच्या काही वर्षांत आंतरराष्ट्रीय मानकं ठरली आणि म्हणूनच आज न्हावा शेवाला भरलेली पेटी रॉटरडॅमच्या क्रेनला न पाहताच उचलता येते. या संपूर्ण कहाणीत मला सर्वात मोलाचा वाटतो तो हा कोपरा. त्याचं पेटंट दाबून ठेवलं असतं तर प्रत्येक कंपनीची पेटी वेगळी राहिली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

या पेटीने पहिली नोकरी खाल्ली ती कारखान्यातल्या कामगाराची नव्हे, गोदीतल्या कामगाराची. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन आणि ब्रुकलिन किनाऱ्यावरचे धक्के ओस पडले, लंडनच्या जुन्या गोद्या 1981 पर्यंत बंद झाल्या. धक्क्याजवळ राहिलं तर वाहतूक स्वस्त पडते म्हणून तिथे थाटलेले छोटे कारखानेही उठले.

पण एका ठिकाणी वेगळं घडलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गोदी कामगारांच्या संघटनेचा नेता होता हॅरी ब्रिजेस, जहाल आणि मालकांना नकोसा. यंत्र येणारच आहे हे त्याने ओळखलं आणि यंत्राला नुसता विरोध करण्याऐवजी यंत्रामुळे होणाऱ्या बचतीत वाटा मागितला. 1960 च्या ऑक्टोबरमध्ये करार झाला. मालकांनी वर्षाला 50 लाख डॉलर एका निधीत भरायचे. नोंदणीकृत कामगाराला यंत्रामुळे कामावरून काढायचं नाही, किमान कमाईची हमी द्यायची, लवकर निवृत्त होणाऱ्याला रक्कम द्यायची. बदल्यात संघटनेने कामाचे जुने निर्बंध सोडले. दुसऱ्या यादीतल्या, कच्च्या कामगारांना या करारात जागा मिळाली नाही, ही त्यातली मोठी उणीव. तरीही पेटी सगळीकडे येण्याआधी तिच्या फायद्याची वाटणी कागदावर आली, ही गोष्ट साधी नाही.

कारखान्यातल्या कामगारांना असा करार कधी मिळाला नाही, कारण त्यांच्यावर पेटी थेट चालून आली नाही. ती आली युद्धाच्या वाटेने. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याचा माल बंदरांत तुंबला होता. 1967 पासून मॅकलीनची कंटेनर जहाजं कॅम रान बंदरात तो उतरवू लागली. जाताना भरलेली जहाजं परतताना रिकामी. जाण्या-येण्याचं भाडं सरकार देतच होतं, मग वाटेत जपानला थांबून जे मिळेल ते भरावं, असं त्याने ठरवलं. जपानी कारखान्यांकडे अमेरिकेला पाठवायला टीव्ही आणि टेपरेकॉर्डर होते. असा माल चोरांना आवडतो आणि हाताळणीत फुटतो. पेटीने दोन्ही भीती घालवल्या. पुढे अमेरिकेतल्या टीव्ही कंपन्या एकामागून एक गेल्या. 1995 मध्ये शेवटच्या मोठ्या अमेरिकी कंपनीचा, झेनिथचा, ताबा कोरियाच्या एलजीकडे गेला.

वाहतूक इतकी स्वस्त झाली की तयार मालच काय, वस्तूचे तुकडेसुद्धा फिरू लागले. 1996 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने बार्बी बाहुलीचा माग काढला. बाहुलीवर ‘चीनमध्ये बनवलेली’ असा शिक्का, पण प्लॅस्टिक तैवानचं, केस जपानचे. अमेरिकेत किंमत दहा डॉलरच्या आसपास, आणि त्यातली चिनी कामगाराची मजुरी 35 सेंट. असा कारखाना एका छपराखाली नसतो. त्याची खाती वेगवेगळ्या देशांत असतात आणि ती जोडणारा पट्टा म्हणजे या पेट्यांची रांग.

मॅकलीनच्याच नॉर्थ कॅरोलिनात कॅनापोलिस नावाचं गिरणगाव होतं. तिथल्या कॅनन गिरणीचे टॉवेल आणि चादरी अमेरिकेतल्या घराघरांत होत्या. घरं कंपनीची, दुकानं कंपनीची, भोंग्यावर चालणारा दिवस. लालबाग-परळच्या माणसाला हे गाव ओळखीचं वाटलं असतं. शेवटी ही गिरणी पिलोटेक्स कंपनीकडे होती. 30 जुलै 2003 रोजी तिने कारखाने बंद केले आणि 6 हजारांहून अधिक माणसांचं काम एका दिवसात गेलं. राज्याच्या इतिहासात एका दिवसात इतकी मोठी कामगारकपात कधी झाली नव्हती. कॅनन हे नाव मात्र टिकलं. त्या नावाचा माल आता परदेशात बनतो.

याला फक्त पेटी कारण नव्हती. कापडाच्या आयातीवरचे कोटे सैल होत होते आणि 1 जानेवारी 2005 ला संपले. चीन डिसेंबर 2001 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला होता. कंपनी कर्जात बुडालेली होती. पण एक हिशेब करून पाहा. चाळीस फुटी पेटीत समजा वीस हजार टॉवेल मावले आणि भाडं दोन हजार डॉलर असलं, तर एका टॉवेलमागे प्रवासखर्च पडतो 10 सेंट. समुद्र जर 10 सेंटांत ओलांडता येत असेल, तर अमेरिकेतल्या विणकराच्या पगाराला आधार कशाचा उरतो? अमेरिकेत 2000 साली कारखान्यांमध्ये सुमारे 1 कोटी 70 लाख लोक कामाला होते. 2010 मध्ये ते सुमारे 1 कोटी 15 लाख राहिले. यात स्वयंचलित यंत्रांचा आणि मंदीचाही वाटा आहे. एकट्या चिनी आयातीमुळे 1999 ते 2011 दरम्यान 20 लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या, असा अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे.

पेटीचं स्वतःचं काय झालं? तीही गेली. अमेरिकेत जन्मलेली ही वस्तू आधी जपान आणि कोरियात बनू लागली, मग चीनमध्ये. शेन्झेनमध्ये 1980 साली स्थापन झालेली सीआयएमसी आज जगातली सर्वात मोठी कंटेनर बनवणारी कंपनी आहे आणि जगातल्या 95 टक्क्यांहून अधिक नव्या पेट्या चीनमध्ये तयार होतात. निर्यातीसाठी पेट्या हव्यात, म्हणून निर्यात होते तिथेच त्या बनवणं परवडतं. 2021 मध्ये कोविडकाळात चीनहून अमेरिकेला जाणाऱ्या चाळीस फुटी पेटीचं भाडं 10 हजार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा कारखाने आता परत येतील अशी चर्चा झाली. फारसे आले नाहीत. कारण कारखाना एकटा जात नाही. साचे बनवणारा, रंगवणारा, स्क्रू पुरवणारा, रात्री दहाला फोन केला तर मशीन दुरुस्त करायला येणारा, सगळे त्याच्यामागे जातात. इचलकरंजीकरांना हे वेगळं सांगायला नको. सायझिंग आणि प्रोसेस हाऊस जवळ नसतील तर नुसता माग घेऊन कुणी काय करणार?

भारतात कंटेनर जहाज पहिल्यांदा कोचीनला आलं, 1973 मध्ये. मुंबईच्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या पुढे कंटेनर टर्मिनलच्या प्रकल्पासाठी बुजवल्या गेल्या. खाडीपलीकडे न्हावा शेवाचं बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं. 2024-25 मध्ये तिथे वीस फुटी मापाने 70 लाखांहून अधिक पेट्या हाताळल्या गेल्या. सोलापूरचे टॉवेल आणि शीतपेट्यांमधून नाशिकची द्राक्षं इथूनच जातात. कॅनापोलिसला भोवलेली पेटी सोलापूरला लाभली, हे मान्य करायलाच हवं. कुणाचं गेलेलं काम कुणाच्या तरी हाताला लागतं, आणि ते हात आपलेही असतात.

पण न्हावा शेवाला पेटीसाठी जागा लागली ती आगरी-कोळ्यांची. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी उठले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दास्तान फाटा आणि नवघरच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत, हे तत्त्व या लढ्यातून आलं. न्हावा शेवा बंदराच्या (जेएनपीटीच्या) प्रकल्पग्रस्तांना त्याची इरादापत्रं मिळाली 2014 च्या ऑगस्टमध्ये, बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

आता पालघर जिल्ह्यात वाढवणला नवं बंदर होतंय. 30 ऑगस्ट 2024 ला त्याचं भूमिपूजन झालं. खर्च 76 हजार कोटींच्या घरात, आणि वर्षाला दोन कोटींहून अधिक पेट्या हाताळण्याची योजना. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि त्यांचं जाणार ते पाणी आहे, ज्याचा सातबारा नसतो. पेट्या येण्याआधी वाटणी कागदावर आणता येते, हे 1960 मध्ये सिद्ध झालं आहे. मागाहून मागितली तर पंचवीस वर्षं लागतात, हे उरणने पाहिलं आहे. वाढवणच्या कोळ्यांचा वाटा पहिली क्रेन उभी राहण्याआधी ठरवा, त्यांच्याशी बसून, लिहून, तारीख घालून.