पीक पाहणीची नोंद शेतातून सर्व्हरपर्यंत कशी पोचते?

रिसोड तालुक्यातील रिठद व आसपासच्या गावी खरिपात सोयाबीन व तूर ही मुख्य पिके होत. ती सातबाऱ्यावर शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून नोंदवावीत, यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पीक कर्ज, विमा, हमीभावाने विक्री व आपत्तीतील मदत या कामी ही नोंद उपयोगी पडते. परंतु छायाचित्र काढले म्हणजे नोंद झाली, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. छायाचित्र प्रथम फोनमध्येच राहते. ते सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकावर, पोचून तेथे जमा झाले तरच नोंद होते.

माहितीची पुडकी

मोबाइल कोणतीही माहिती सलग पाठवीत नाही. तिचे लहान लहान तुकडे पाडतो. अशा तुकड्यास पॅकेट, म्हणजे पुडके, म्हणतात. एका पुडक्यात साधारणतः १,५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो. त्यामुळे ३०० किलोबाइटच्या छायाचित्राची सुमारे २०० पुडकी होतात. बाजारात सोयाबीन नेताना आपण कट्टे भरतो, त्यांवर नाव व क्रमांक घालतो, तसाच हा प्रकार होय. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. मजकुराचा क्रमही नोंदलेला असतो. पुडकी मागेपुढे पोचली तरी सर्व्हर ती क्रमाने जुळवून घेतो.

पोच व फेरपाठवणी

पुडकी मिळाल्याची पोच सर्व्हर फोनकडे धाडतो. ठराविक वेळेत पोच न आल्यास फोन तेच पुडके पुन्हा पाठवितो. नेटवर्क क्षीण असले की पुडकी वाटेत गळतात, फेरपाठवणी वाढते व काम रेंगाळते. संपर्क मध्येच तुटल्यास नोंद अपुरी राहते. सर्व पुडकी पोचल्यावर सर्व्हर माहिती तपासून साठवितो व तसे उत्तर धाडतो. हे शेवटचे उत्तर फोनवर दिसणे, हीच खरी पोचपावती समजावी.

शेताचे स्थान मात्र उपग्रहांच्या संकेतांवरून कळते. त्यासाठी इंटरनेट असणे आवश्यक नाही. म्हणून नेटवर्क नसलेल्या शेतातही छायाचित्र काढून माहिती फोनमध्ये साठविण्याची व ती पुढे पाठविण्याची सोय या ॲपमध्ये ठेवण्यात आली.

शेतकऱ्यांनी व ग्रामसेवकांनी घ्यावयाची काळजी

१. छायाचित्र आपल्याच गटात, उभ्या पिकाजवळ काढावे. स्थान निश्चित होईपर्यंत मोकळ्या आकाशाखाली थांबावे.

२. शेतात नेटवर्क नसल्यास गावात किंवा उंचवट्यावर येऊन साठविलेली माहिती अपलोड करावी.

३. माहिती जात असताना ॲप बंद करू नये व फोन घेऊन फिरू नये.

४. यशस्वी झाल्याचा संदेश आल्याखेरीज ॲप काढून टाकू नये. तसे केल्यास फोनमधील न पाठविलेली नोंद नष्ट होण्याचा संभव असतो.

५. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत सर्व्हरवर गर्दी होते. सबब नोंद आधीच उरकावी.

ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही अशा खातेदारांना गावातील जाणत्या तरुणांनी साहाय्य करावे. आणि पाठविलेली नोंद खरोखर जमा झाली, हे त्यांना फोनवर दाखवूनच निरोप घ्यावा.