कस्टर्डला उकळी हवीच

चॉकलेट कस्टर्ड पाय कापला की ओघळला, तर खापर ओव्हनवर फुटतं. बिघडलेलं असतं गॅसवर.

‘कस्टर्ड उकळलं की फाटतं’ हे खरं आहे ते नुसत्या दूध-अंड्याच्या कस्टर्डबाबत; ८५ अंशांच्या पुढे ते फाटतं. पाकिटातल्या पावडरीत मात्र अंडं नसतंच, असतो कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. शाकाहारी घरांत अजूनही तिच्याकडे संशयानं पाहिलं जातं. वास्तविक बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ही पावडर बनवली तीच बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून!

कॉर्नफ्लोअर नीट शिजायला उकळी लागते. बुडबुडे फुटू लागले की आच मंद करून आणखी एक-दोन मिनिटं घोटायचं. चमचा फिरवताना पातेल्याचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. गॅस लवकर बंद केला तर कच्चट चव राहते. वरून बलक घालणार असाल तर उकळी टाळूच नका. बलकातलं अमायलेज हे विकर स्टार्च तोडतं; ते उकळीनं निकामी झालं नाही, तर रात्री घट्ट दिसलेलं कस्टर्ड सकाळी पातळ. स्टार्चमुळे तो बलक सहजी फाटतही नाही. पावडर अर्धा लिटर दुधाला ४० ग्रॅमच्या आसपास घ्या. पाकिटावरचं प्रमाण बहुधा फळांवर ओतायच्या कस्टर्डचं असतं.

‘बेसला तूपही चालतं.’ चालतं, पण तो नानकटाईसारखा भुसभुशीत होतो. पापुद्रे हवेत तर गार बटर घ्या. त्यातल्या सुमारे १६ टक्के पाण्याची वाफ पदर उचलते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बेसची पारी लाटायचं काम सकाळीच उरकलेलं बरं. पारी ताटलीत बसवून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग कागदावर हरभरे पसरून रिकामीच भाजायची. नुसत्या मायक्रोवेव्हवर ती खरपूस होत नाही, कन्व्हेक्शन लागतं.

‘कंपाउंड म्हणजे चॉकलेटच.’ नाही. त्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतात. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात दुकानदाराला कंपाउंड सोयीचं. कस्टर्डमध्ये मात्र ते टाळूला मेणचट लागतं. त्यापेक्षा चांगली कोको पावडर बरी.

राहिलं ‘भट्टीचं काम आपलं नव्हे’. भट्टीतल्या नानसाठी, नान-खलियासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या संभाजीनगरानं तरी असं म्हणू नये!