तैलचित्रांतील उजळ आणि गडद

तैलरंगांत मनुष्याकृति रंगविणाऱ्या चित्रकारापुढें काम संपत आलें असतां कधीं कधीं एक चमत्कारिक अडचण उभी राहते. चेहरा साधलेला असतो, हात बरोबर उतरलेला असतो, वस्त्रांच्या चुण्याही यथातथ्य असतात. तथापि आकृति भिंतीला चिकटल्यासारखी दिसते, किंवा पाहणाऱ्याची दृष्टि तिच्यावर न ठरतां कोपऱ्यांतील एखाद्या भांड्याकडे धांवते. अशा वेळीं दोष बहुधा रेखाटनांत नसतो. तो उजळ आणि गडद यांच्या परस्परसंबंधांत असतो.

प्रत्येक रंगाला उजळपणाची एक पायरी असते. चित्रकार तिला टोन म्हणतात. लिंबाचा पिवळा उजळ, तर वांग्याचा जांभळा गडद. परंतु चित्रांत कोणतीही पायरी स्वतंत्र नसते. एकच करडा रंग काळ्याशेजारीं उजळ आणि पांढऱ्याशेजारीं मळकट भासतो. म्हणून गाल निस्तेज वाटला तर त्यावर पांढरा चढविण्यापूर्वीं गालामागची भिंत एक पायरी खालीं आणून पाहावी.

डेल्फ्टचा डच चित्रकार योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) याचें दूध ओतणाऱ्या दासीचें चित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १६६० च्या सुमारास रंगविलेलें, जेमतेम दीड फूट उंचीचें हें चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्यें आहे. उजेड डावीकडील खिडकींतून येतो. खिडकीलगतची भिंत व्हर्मीरनें छायेंत ठेवली आहे. त्यामुळें दासीची उजेडाकडील बाजू उठून दिसते. उजवीकडे भिंत उजळ होत जाते. त्यामुळें तिची छायेंतील बाजू स्पष्ट होते. त्या कडेला त्यानें पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघही ओढली आहे. एकाच भिंतीनें अशीं दोन कामें केलीं आहेत.

ही भिंत आरंभीं इतकी मोकळी नव्हती. रंगाच्या थरांखालीं पाहतां येणाऱ्या यंत्रांच्या साहाय्यानें केलेल्या संशोधनाचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. दासीच्या डोक्यामागें भांडीं टांगण्याची फळी होती; आणि खालीं, आज जेथें पाय शेकण्याची लहानशी शेगडी दिसते तेथें, आंत निखारे ठेवून बाळाचीं दुपटीं वाळविण्याची विणलेली टोपली होती. दोन्ही वस्तू व्हर्मीरनेंच झांकून टाकल्या. त्या घरांत शोभण्यासारख्याच होत्या. पण राहत्या, तर भांड्यांचे उजळ-गडद तुकडे दासीच्या मस्तकाशीं स्पर्धा करते, आणि दुधाच्या त्या बारीक धारेची शांतता भंगती. चांगली वस्तु चित्रासाठीं पुसणें, हा रचनेंतला सर्वांत कठीण निर्णय होय.

तैलरंग हा निर्णय घेण्यास अवसर देतो. तो सावकाश वाळतो. ओला असतां सुरीनें खरडून काढतां येतो. वाळल्यावर पारदर्शक पातळ थरानें झगझगीत भाग मंद करतां येतो, आणि अपारदर्शक उजळ रंग हलका फिरवून गडद भाग वर आणतां येतो. मात्र वरच्या थरांत खालच्यापेक्षां तेल अधिक असावें. एरवीं भेगा पडण्याचा संभव असतो. शिवाय तैलरंग वर्षानुवर्षें अधिकाधिक पारदर्शक होत जातो. माद्रिद येथील प्रादो संग्रहालयांत वेलास्केसनें काढलेलें चौथ्या फिलिप राजाचें अश्वारूढ चित्र आहे. त्यांत घोड्याच्या पायांची झांकलेली पहिली मांडणी आज वरच्या रंगांतून डोकावते. म्हणून बदल करावयाचा तो शक्य तितका लवकर करावा.

तो कोठें करावा, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. चार पावलें मागें सरून डोळे किलकिले करावे. बारकावे लोपतात, आणि उजळ व गडद असे मोठाले आकार तेवढे उरतात. मग चित्र आरशांत पाहावें. संवयीनें झांकलेला तोल तेथें उघडा पडतो. श्रोत्यांनींही संग्रहालयांतील एखाद्या चित्रापुढें हा प्रयोग करून पाहावा. डोळे मिटत आले असतांही दृष्टि जेथें जाते, तेथेंच चित्रकाराला ती न्यावयाची होती काय, एवढें स्वतःला विचारावें.