वाऱ्यावर निवणारे इंजिन

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावाच्या शिवारात ज्यांनी विहिरीवरचे ऑइल इंजिन जवळून पाहिले आहे, त्यांना यंत्र थंड ठेवण्याची एक अत्यंत किफायतशीर तजवीज परिचित असते. पंपाने उपसलेल्या पाण्यातील एक बारीक धार नळीने सिलिंडरभोवतीच्या पोकळीत सोडायची, आणि उष्णता घेऊन बाहेर पडलेले तेच पाणी पाटाला लावून द्यायचे. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने काय, किंवा इंग्लंडातील डर्स्ली गावच्या लिस्टर कारखान्याच्या घाटाची, भारी चाकांची आणि सावकाश फिरणारी इंजिने काय, त्यांच्या दीर्घायुष्याचे पुष्कळसे श्रेय या मुबलक पाण्याला द्यावे लागते. मात्र फार थंड पाणी फार वेगाने सोडले, तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर आम्लयुक्त ओलावा धरून तिची झीज होते, ही बाब अनेक वेळा दुर्लक्षिली जाते.

याच डर्स्ली गावी गवत कापण्याच्या यंत्राचा जनक एडविन बडिंग याचे अखेरचे दिवस गेले, हा योगायोग मला मोठा मनोवेधक वाटतो. लोकरी कापडावरील लव छाटणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन त्याने १८३० साली हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. पुढे डर्स्लीस ज्या जॉर्ज लिस्टरबरोबर त्याने काम केले, त्याच्याच मुलाने १८६७ साली तो कारखाना स्थापिला, ज्याच्या नावाने वऱ्हाडातल्या विहिरींवरची इंजिने ओळखली जाऊ लागली. बडिंगच्या यंत्राला मात्र इंजिन नव्हते; ते माणसाने ढकलायचे होते, आणि म्हणून तापण्याचा प्रश्नही त्यात उद्भवत नव्हता.

तो प्रश्न उद्भवला गवताच्या यंत्रावर पेट्रोलचे इंजिन बसले तेव्हा. जळणाऱ्या वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या पलीकडे जाते, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांवर वितळते. इंधनातील उष्णतेचा लहानसाच भाग कामी येतो, पुष्कळसा धुराबरोबर जातो, आणि उरलेला मोठा वाटा सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर काढून दिला नाही, तर वंगण जळून दट्ट्या जागीच धरतो. मोटारसायकलच्या इंजिनाला तिच्या वेगामुळे आपोआप वारा मिळतो. गवत कापणारा माणूस चालतो पावलापावलाने. त्याला पाण्याची टाकीही वाहता येत नाही. शिवाय एक घनमीटर पाणी एका अंशाने तापताना जितकी उष्णता पोटात घेते, तितकी घेण्यास सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा लागते. म्हणजे हवा पुष्कळ हवी, ती सतत हवी, आणि तिची ने-आण इंजिनानेच केली पाहिजे.

१९५२ साली सिडनीच्या मर्विन व्हिक्टर रिचर्डसन याने व्हिलियर्सचे दोन-स्ट्रोक इंजिन आडवे निजवून त्याचा दांडा उभा केला, दांड्याच्या खालच्या टोकाला फिरती पाती लावली, आणि इंधनासाठी पीच फळांचा रिकामा डबा बसविला. व्हिक्टा या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या यंत्राचा हा आरंभ. दोन-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने ते आडवे केले तरी तेलाची टाकी कलंडण्याचे भय नव्हते. उभ्या दांड्याच्या अशा इंजिनांत खाली पाते आणि वर फ्लायव्हील, ही मांडणी पुढे रूढ झाली, आणि शीतनाचा सगळा बंदोबस्त त्या फ्लायव्हीलवर सोपविला गेला. एकच ओतीव चाक गती टिकवून धरते, त्यात बसविलेल्या चुंबकांनी ठिणगी उत्पन्न करते, आणि कडेच्या पात्यांनी वारा घालते. एका वस्तूकडून तीन कामे घेणारी याहून सुंदर रचना लहान यंत्रांत मला तरी आढळलेली नाही. वरून ओढलेली हवा भोवतीच्या पत्र्याच्या आवरणामुळे इकडेतिकडे न भरकटता सिलिंडरच्या पातळ कडांमधून, म्हणजे मिस्त्री ज्यांना फिन म्हणतात त्यांतून, जोराने वाहते. त्यामुळे आवरण काढून इंजिन चालविल्यास ते अधिक थंड राहील, ही समजूत पूर्णतः चुकीची आहे. १९५३ साली अमेरिकेतील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांचे हलके इंजिन बाजारात आणले; बिडापेक्षा हा धातू उष्णता कितीतरी वेगाने वाहून नेतो, त्यामुळे वजन घटले तरी निवणे बिघडले नाही.

या रचनेचा खरा शत्रू स्वतः गवतच होय. खळ्यावरच्या उफणणीत वारा भुसकट दूर नेतो, आणि येथे पंखा तेच भुसकट जवळ ओढतो. म्हणून हवा शिरण्याच्या जागी जाळी आली, आणि काही इंजिनांत ती चाकाबरोबर फिरणारी केली गेली, की काड्या तिच्यावर न चिकटता बाहेर फेकल्या जाव्यात. तरीही बारीक कचरा आत जातोच, तेलकट कडांमध्ये साचतो, आणि वाऱ्याची वाट बुजते.

सोयाबीन-तुरीच्या शेतांत बांधावरचे गवत कापणारी यंत्रे आणि पाठीवरचे फवारणी पंप यांच्या लहान इंजिनांत हीच फ्लायव्हीलच्या पंख्याची पद्धत आहे. वैशाखात बाहेरची हवाच चाळीस अंशांवर असताना इंजिन व हवा यांतील तापमानाचा फरक घटतो, आणि मळलेल्या फिनांचा दोष दुपटीने जाणवतो. तेव्हा अशी यंत्रे बाळगणाऱ्या बांधवांना विनंती एवढीच, की इंजिन पूर्ण निवल्यावर आवरण उघडून ब्रशने त्या कडा साफ कराव्यात, तापलेल्या सिलिंडरवर पाणी कदापि ओतू नये, आणि आवरण पुन्हा जागच्या जागी बसविल्यावाचून यंत्र सुरू करू नये.